दूरच्या पल्ल्यावर रायफल आणि स्कोपची परीक्षा: आकडे जुळले, पण चूक कोणाची होती?

डेन्व्हरकर (धागाकर्ता)

मी कोलोरॅडोत चौदा वर्षे राहतो आणि गेली सहा वर्षे ऑक्टोबरातल्या एल्कच्या हंगामात शेजारी राहणाऱ्या मित्राबरोबर शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतले, पण त्याहून बरेच मोठे हरीण. शेजारी इथल्याच एका पशुपालक कुटुंबातला असून त्याच्याकडे वडिलांची विंचेस्टर मॉडेल ७० ही .३०-०६ काडतुसाची जुनी रायफल आहे; माझ्याकडे ६.५ क्रीडमूर काडतुसाची टिक्का टी३एक्स आहे. दोघांनीही या वर्षी नवे, आकडे फिरवून नेमाची उंची साधता येणारे स्कोप, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणी, बसवले होते. हंगामाच्या आधी ते लांब पल्ल्यावर तपासावेत म्हणून आम्ही दोन दिवसांसाठी न्यू मेक्सिकोतल्या राटोनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजी केंद्राला गेलो. तेहतीस हजार एकरांच्या या आवारातून जुन्या सांता फे मार्गाच्या गाडीवाटा गेलेल्या आहेत, आणि ११२३ यार्डांवर पांढऱ्या रंगाचा एक पोलादी बायसन उभा आहे, ज्याच्यावर एक तरी गोळी झाडल्याशिवाय सहसा कोणी परतत नाही.

पहिल्या सकाळी १०० यार्डांवर कागदी लक्ष्य लावले. माझ्या रायफलीच्या पहिल्या तीन गोळ्या ०.८ इंचात बसल्या आणि मित्राच्या तीन गोळ्या १.६ इंचात. मी मनातल्या मनात सुखावलो हे कबूल करायला हवे. मित्राने मात्र तीन गोळ्यांवर बोलायचेच नाही, असे सांगून दोघांनाही दहा-दहा गोळ्या झाडायला लावल्या. दोन्ही नळ्या शिकारी रायफलींच्या असल्यामुळे बारीक आहेत आणि चटकन तापतात, म्हणून तीन-चार गोळ्यांनंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबत आम्ही तासभर घालवला. दहा गोळ्यांचा माझा पसारा, म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर, १.३ इंच निघाला आणि त्याचा १.९ इंच. सकाळी दुपटीचा वाटणारा फरक दुपारपर्यंत दीडपटीवर आला होता, आणि त्यातही माझी रायफल बदललेली नव्हती. बदलले होते ते फक्त तिच्याविषयीचे माझे मत.

गोळीचा वेग रडारच्या छोट्या यंत्राने मोजला. माझ्या १४३ ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) वजनाच्या गोळीचा दहा फैरींचा सरासरी वेग २६८० फूट प्रतिसेकंद आला आणि प्रमाण विचलन, म्हणजे वेगातला सर्वसाधारण चढउतार, १२ फूट. हा वेग, हवेचा दाब आणि तापमान मोबाईलवरच्या, गोळी किती खाली पडेल ते सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये भरले. व्हिटिंग्टन समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहा हजार फुटांवर आहे आणि तिथली विरळ हवा गोळीला बरीच कमी अडवते, म्हणून किती वर नेम धरायचा याचा समुद्रसपाटीचा तक्ता तिथे वापरला तर हजार यार्डांवर सुमारे एक मिलची चूक होते. ज्यांना कोनाचे हे माप परिचित नाही त्यांच्यासाठी लिहितो: एक मिल म्हणजे १०० यार्डांवर ३.६ इंच आणि हजार यार्डांवर ३६ इंच.

मग खरी गंमत सुरू झाली. ६०० यार्डांवर माझी गोळी पोलादावर बसली, पण मध्यापासून किंचित खाली. तेवढ्याकडे मी दुर्लक्ष केले. ८०० यार्डांवर मात्र चारही गोळ्या टीचभर खाली लागल्या. अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच मी केले: अ‍ॅपमधला वेग थोडा-थोडा उतरवत नेला आणि २६४० वर हिशेब बरोबर जुळला. त्या आकड्यावर विसंबून पांढऱ्या बायसनवर नेम धरला आणि तिसऱ्या गोळीला, चाप ओढल्यावर साडेचार सेकंदांहून थोडा अधिक वेळ गेल्यावर, पोलादाचा ठणका ऐकू आला. त्यातला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ गोळीचा आणि तीन सेकंद आवाजाचे. मी इतका खूश झालो की घरी फोनच लावला.

रात्री मोटेलवर मित्राने वहीतला २६८० हा आकडा काढला आणि विचारले की, मग या चाळीस फुटांचे काय झाले. मी म्हणालो की, यंत्र थोडेफार चुकत असेल. त्याचे म्हणणे असे होते की, त्याच यंत्राने मोजलेल्या त्याच्या गोळीचा वेग ६०० आणि ८०० यार्डांवर चोख उतरला होता. यंत्र एकाशी खरे आणि दुसऱ्याशी खोटे वागत नाही, म्हणून खोटे दुसरेच कोणी बोलत असावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा उठायच्या आत, आम्ही माझ्या स्कोपची उंच कागदावरची परीक्षा घेतली.

चार फूट उंचीचा पुठ्ठा उभा केला आणि ओळंबा सोडून त्याच्या दोरीवरून सरळ उभी रेघ आखली. रायफल तिरकी होऊ नये म्हणून तिच्यावर पाण्याची पातळी (लेव्हल) बांधली. पाच गोळ्या तळाच्या खुणेवर झाडल्या, स्कोपची नेम वर-खाली करणारी चकती बरोबर १० मिल वर फिरवली आणि त्याच तळाच्या खुणेवर नेम धरून आणखी पाच झाडल्या. दोन गटांच्या मध्यांमध्ये ३६ इंच अंतर यायला हवे होते, पण ते ३५ इंच आले. म्हणजे मी १० मिल मागितले की हा स्कोप जेमतेम पावणेदहा मिल देतो. हा तुटीचा हिशेब आदल्या दिवशी मी गोळीच्या वेगाच्या नावावर टाकला होता.

स्कोप कोणत्या कंपनीचा आहे हे मुद्दाम लिहीत नाही, कारण एका नगावरून कंपनीची परीक्षा होत नाही. इथे लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे आणखी कोणी असतील तर त्यांनी असा दोष कसा शोधला आणि पुढे काय केले हे वाचायला आवडेल.

पुणेरी_शंका

लेख आवडला, पण एक शंका आहे. तुम्ही वेग २६४० धरला आणि ११२३ यार्डांवर गोळी लागली. गोळी लागली म्हणजे हिशेब जुळला. मग चूक स्कोपची की वेगाची याने व्यवहारात काय फरक पडतो? विजेचे बिल बरोबर येत असेल तर मीटर आणि दर या दोन्हींतल्या चुका एकमेकींना कापत असल्या तरी आपण तक्रार करत नाही.

डेन्व्हरकर

शंका योग्य आहे आणि मित्राशी वाद घालताना मीही हेच म्हणालो होतो. फरक पडतो तो दोन ठिकाणी. शिकारीत चकती फिरवायला नेहमी वेळ मिळतो असे नाही. पुष्कळदा भिंगात कोरलेल्या फुलीवरच्या खुणा वापरून थेट वर नेम धरावा लागतो. त्या खुणा काचेवर कोरलेल्या असल्याने त्यांना चकतीच्या आट्यांचा दोष लागत नाही. म्हणजे खोट्या वेगावर बेतलेला तक्ता चकतीने वापरला तर बरोबर उतरणार आणि खुणांनी वापरला तर गोळी वर जाणार. दुसरी गोष्ट अशी की, उद्या मी हाच तक्ता घेऊन दुसरा स्कोप बसवला किंवा दुसऱ्या काडतुसांचा वेग मोजला, तर सगळे पुन्हा बिघडेल आणि कारण शोधायला मी भलतीकडेच जाईन. बिलाच्या उदाहरणात मीटर बदलला की तुमचीही अशीच पंचाईत होईल.

गणिती

दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत स्कोपला दोषी धरता येणार नाही, असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न अंतराचा. १०० यार्डांची पाटी लावलेले अंतर प्रत्यक्षात ९७ यार्ड आणि थोडे असेल तर निर्दोष स्कोपसुद्धा १० मिलला ३५ इंचच दाखवेल. अनेक रेंजवर अंतर नेमबाजाच्या बाकापासून मोजलेले असते की छपराच्या कडेपासून, हे कोणालाच ठाऊक नसते. तुम्ही फीत लावून मोजले होते का?

दुसरा प्रश्न पाच गोळ्यांचा. समजा पाच गोळ्यांचा पसारा एक इंच आहे. पाच गोळ्यांच्या पसाऱ्याची सरासरी प्रमाण विचलनाच्या सुमारे ३.०७ पट असते, म्हणजे एका दिशेतले विचलन सुमारे ०.३३ इंच झाले. पाच गोळ्यांच्या मध्याची अनिश्चितता ०.१५ इंच आणि दोन मध्यांतल्या अंतराची सुमारे ०.२ इंच. तुम्हाला सापडलेला एक इंच याच्या पाचपट आहे, त्यामुळे या बाजूने तुमचा निष्कर्ष टिकतो. ता. क. तीन गोळ्यांच्या पसाऱ्यासाठी हीच पट २.४१ आणि दहासाठी ३.८१ आहे. म्हणजे दहा गोळ्यांचा पसारा तीनच्या सुमारे १.६ पट यायलाच हवा. तुमचा ०.८ चा १.३ झाला, तो अगदी शास्त्राप्रमाणे झाला. तीन गोळ्यांचे सुंदर छायाचित्र टाकून स्वतःची रायफल मिरवणाऱ्यांना ही पट सांगून पाहावी.

डेन्व्हरकर

अंतराचा प्रश्न मित्राने आधीच विचारला होता, आणि तेव्हा मला तो निव्वळ चिकटपणा वाटला होता. आम्ही बांधकामाची लांब फीत लावून स्कोपच्या चकतीपासून पुठ्ठ्यापर्यंत १०० यार्ड मोजले. त्याहून भक्कम पुरावा असा की, त्याच पुठ्ठ्यावर, त्याच जागेवरून मित्राच्या स्कोपने १० मिलला ३६ इंचांना जेमतेम पाव इंच कमी अंतर दिले. अंतर चुकले असते तर दोन्ही स्कोप सारखेच चुकले असते. नंतर गोळी न झाडता, रायफल शिकंज्यात घट्ट आवळून, पुठ्ठ्यावर इंचांच्या खुणा करून आणि चकती फिरवल्यावर फुली कोणत्या खुणेवर जाते हे वाचून हीच परीक्षा तीन वेळा केली. तिन्ही वेळा ३५ च्या आसपासच आले. हा मार्ग काडतुसे वाचवतो आणि नेमबाजाचा हातही मधे येत नाही. मी पुन्हा केली तर आधी अशीच करीन.

वाऱ्याची_दिशा

मी टेक्सासात स्टील प्लेटच्या स्पर्धांत भाग घेते. उभ्या चुकीवर एवढी चर्चा झाली, पण आडव्या चुकीविषयी कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटते. गोळी किती पडणार हे अंतर नीट मोजले की ठरते, कारण गुरुत्वाकर्षण रोज तेच असते. वारा मात्र बाकावर एक, मध्यावर दुसरा आणि लक्ष्यापाशी तिसरा असतो. तुमच्या ६.५ ला त्या विरळ हवेत ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर अंदाजे १३ इंच ढकलतो. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात चार मैलांची चूक झाली, आणि ती भल्याभल्यांची होते, तर गोळी पाच इंच बाजूला गेलीच. एल्कचे हृदय आणि फुप्फुसे मिळून दहा-बारा इंचांचे वर्तुळ धरले, तर पाच इंच म्हणजे थेट काठ. तुमच्या स्कोपचा दोष ५०० यार्डांवर दीड इंचाहून अधिक भरत नाही. तेव्हा शिकारीपुरते बोलायचे तर दोषी स्कोप तुम्हाला एकदाही कळला नसता, आणि वाऱ्याने दर वर्षी दगा दिला असता.

एक विचारते: स्कोप तिरका बसलेला नव्हता ना? तीन अंशांचा कल असेल तर ५०० यार्डांवर गोळी पावणेतीन-तीन इंच बाजूला जाते आणि माणूस ते वाऱ्याच्या खात्यावर टाकतो.

डेन्व्हरकर

कल नव्हता. पुठ्ठ्यावर वरचा गट ओळंब्याच्या रेघेपासून पाव इंचसुद्धा सरकलेला नव्हता. मात्र वाऱ्याविषयी तुम्ही लिहिले आहे ते मी पहिल्या दिवशी दुपारी अनुभवले. दोन वाजल्यानंतर वारा असा फिरू लागला की मित्राच्या .३०-०६ च्या दोन लागोपाठच्या गोळ्या ८०० यार्डांवर दीड हाताच्या अंतराने पडल्या आणि त्याने काही न बोलता रायफल पेटीत ठेवून दिली. मी मात्र हट्टाने आणखी बारा काडतुसे घालवली.

करवीरचा_नेमबाज

मी कोल्हापूरचा असून ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात काही वर्षे खेळलो आहे. आमच्या प्रकारात स्कोप नसतोच. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये याच प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले, ते भोकांच्या साध्या दर्शिकेवर. आमच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. तुमच्या भाषेत सांगायचे तर जेमतेम ०.२ मिल.

स्कोपविषयी मला सांगण्यासारखे काही नाही, परंतु वाऱ्याविषयी आहे. आम्ही .२२ ची मंद गोळी वापरतो. ती ध्वनीच्या वेगाच्या खालीच राहते, आणि पन्नास मीटरांतही वारा तिला दहाच्या बाहेर ढकलू शकतो. म्हणून प्रशिक्षक पहिली गोष्ट शिकवतात ती झेंड्यांकडे पाहण्याची, आणि झेंडा एका ठरावीक स्थितीत परत येईपर्यंत चाप न ओढण्याची. डोंगरात झेंडे नसतात, पण मृगजळ असते. टेहळणीच्या दुर्बिणीतून लक्ष्याच्या किंचित अलीकडे दृष्टी स्थिर केली तर हवेच्या लाटा कोणत्या बाजूला वाहतात हे स्पष्ट दिसते. लाटा सरळ वर चढत असतील तर वारा थांबलेला किंवा सरळ समोरून वा मागून वाहणारा. आडव्या सपाट झाल्या तर तो जोरात आहे एवढेच समजते, किती जोरात ते समजत नाही. सरावासाठी .२२ ची रायफल घ्यावी आणि दोनशे यार्डांवर खेळावे, असे सुचवतो. काडतूस स्वस्त आणि वाऱ्याचे धडे तेच.

नवखा_स्थलांतरित

मी नुकताच कामाच्या व्हिसावर, एच-१बी वर, आलो आहे. सहकारी रेंजवर बोलावतात. मला रायफल हातात घेता येते का? माहीत असल्यास कृपया सांगावे.

डेन्व्हरकर

नीट चौकशी केल्याशिवाय हातात घेऊ नका. तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि त्यांतला नेहमी वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणे. ‘बाळगणे’ या शब्दात मित्राची रायफल रेंजवर हाताळणेही येऊ शकते, म्हणून वकिलाला विचारूनच पाऊल टाका. व्हिसाचा प्रश्न गमतीपोटी बिघडवण्यासारखा नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात आल्यावरच सुरुवात केली. शिवाय कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार परवान्यासाठी शिकारी शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो जरूर करा, त्यात सुरक्षिततेचे जे शिकवतात ते रेंजवर लगेच उपयोगी पडते.

सह्यरान

मी पक्षिनिरीक्षक आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकार थांबली याचा मला आनंद वाटतो. तुमच्या देशात ती कायदेशीर आहे, तेव्हा तिच्यावर इथे वाद घालत नाही. धाग्याच्या विषयालाच धरून विचारते: ११२३ यार्डांवरच्या पोलादावर तिसऱ्या गोळीला नेम लागला असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. पहिल्या दोन गोळ्या कुठे गेल्या? पोलादाच्या जागी जनावर असते तर त्या दोन गोळ्यांचा हिशेब कोणी केला असता?

डेन्व्हरकर

पहिली खाली मातीत गेली आणि दुसरी डावीकडे. जनावर असते तर पहिलीच गोळी मोजली गेली असती, आणि ती चुकलेली होती. या धाग्यावर मला विचारलेला हा सगळ्यांत अडचणीचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाचशे यार्ड जायला माझ्या गोळीला सुमारे ०.६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात चरणारे जनावर एक पाऊल सहज टाकते, आणि त्या पावलावर ना स्कोपचा ताबा असतो ना माझा. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबसारखी शिकाऱ्यांचीच संस्था किती लांबून नेम लागतो हे पाहण्यासाठी जनावरावर केलेल्या गोळीबाराला शिकार म्हणायला तयार नाही, आणि मला ते पटते. पांढरा बायसन हा खेळ आहे. त्याच्यावरून शिकारीचे अंतर ठरवायचे नसते.

ते अंतर कसे ठरवावे यासाठी परतल्यावर मी वेगळीच परीक्षा घेतली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी जवळच्या रेंजवर जायचे, थंड नळीने, बाकाशिवाय, जमिनीवर बसून आणि दोन काठ्यांच्या टेक्यावर, दहा इंचांच्या पत्र्यावर एकच गोळी झाडायची आणि घरी यायचे. नेम सावरायला दुसरी गोळी नाही. दहा सकाळी ३०० यार्डांवर आणि दहा सकाळी ४०० यार्डांवर. ३०० वर दहापैकी दहा लागल्या. ४०० वर सात लागल्या. उरलेल्या तीनपैकी दोन वाऱ्याने गेल्या आणि एक निखालस माझ्या चाप ओढण्याने. बाकावरून वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून हाच पत्रा मी ६०० वर सुद्धा चुकवत नाही. या हंगामासाठी माझे अंतर ३०० यार्ड ठरले आहे. मित्राने त्याच्या जुन्या .३०-०६ साठी २५० ठरवले होते, तेही रेंजवर जाण्याच्या आधीच, कारण त्याच्या वडिलांनी त्या रायफलीने त्यापलीकडे कधी गोळी झाडली नव्हती.

सह्यरान

उत्तर प्रामाणिक आहे. आभारी आहे.

गणिती

दहापैकी दहा म्हणजे शंभर टक्के नव्हे, एवढे नोंदवून ठेवतो. खरी शक्यता पंचाहत्तर टक्के असली तरी शंभरातून पाच-सहा वेळा दहापैकी दहा लागू शकतात. आणखी वीस सकाळी काढाव्यात असे सुचवतो. आणि स्कोपचे पुढे काय झाले?

डेन्व्हरकर

आणखी वीस सकाळी काढायला बायकोची परवानगी लागेल. बारा झाल्या आहेत आणि त्यात ३०० वर एक चुकली. स्कोप कंपनीकडे पाठवला होता. तोपर्यंत अ‍ॅपमध्ये वेग पुन्हा २६८० केला आणि चकतीसाठीचा गुणक १.०२९ भरून काम चालवायचे ठरवले होते, पण स्कोपच हातात नसल्याने त्याचा उपयोग झाला नाही. तीन आठवड्यांनी दुरुस्त होऊन तो परत आला. सोबतच्या कागदावर ‘तपासणी पूर्ण’ एवढेच लिहिलेले होते. काल तो शिकंज्यात आवळून, फितीने अंतर मोजून, त्याच पुठ्ठ्यावर पाहिला. १० मिलला ३५ आणि पाऊण इंच.